हार्मोनची गोळी चालू ठेवायची की नाही

२०१९ च्या उन्हाळ्यात माझी पिशवी काढली, तेव्हा मी ४३ ची होते. फायब्रॉइड, महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जाणं, हिमोग्लोबिन सातावर आलेलं. दोन्ही अंडाशयांवर गाठी दिसल्या म्हणून तीही काढली. गाठी साध्या निघाल्या. त्याच सुमाराला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या, त्यामुळे भेटायला येणारी प्रत्येक बाई 'कशी आहेस' विचारायच्या आधी 'खरंच गरज होती का गं?' विचारायची. होती. त्याबद्दल माझ्या मनात आजही किंतु नाही.

पण अंडाशय काढली की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. बँकेत काउंटरवर बसलेली असताना छातीतून झळ उठायची, मानेवरून डोक्यात जायची आणि पाठ घामाने चिंब. समोरचा ग्राहक पासबुक पुढे करतोय आणि मी रुमाल शोधतेय. रात्री झोप नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी इस्ट्रॅडिओलची गोळी सुरू केली. पिशवी नसल्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायची गरज नव्हती. ते पिशवीच्या अस्तराला जपण्यासाठी देतात. गोळीने दोन-तीन आठवड्यांत माणसात आले. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे ज्याने-त्याने त्या गोळीला नावं ठेवली आणि ती घेण्याआधी माझी काय दशा होती ते सगळे विसरले.

२०२१ मध्ये बँकेच्या तपासणी शिबिरात बीपी १६८/१०४ निघालं. फॅमिली डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. तरी वरचा आकडा दीडशेच्या खाली टिकेना. आमच्याकडे अशा वेळी एक शब्द तयार असतो, टेन्शन. कोविडच्या काळात बँकेत काम करणाऱ्या बाईला टेन्शन असणारच, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

मग कानात आवाज सुरू झाला. शिट्टी नाही, घंटा नाही, सूं... सूं... सूं. उजवी कुशी करून झोपलं की उशीतून यायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री केली. कान उत्तम. 'वयाप्रमाणे होतं, मॅडम, लक्ष देऊ नका' म्हणाले. रात्री दोन वाजता स्वतःच्या कानाकडे लक्ष कसं द्यायचं नाही, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

निदानाकडे नेणारा माणूस म्हणजे एक तरुण फिजिशियन. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून गेले त्याच्याकडे. मला सरळ 'काकू' म्हणाला, ते मी माफ केलं, कारण त्याने जे केलं ते आधी कोणीच केलं नव्हतं. माझं मनगट धरलं आणि म्हणाला, 'कानातला आवाज जसा येतो तसा दुसऱ्या हाताच्या बोटाने टेबलावर वाजवून दाखवा.' मी वाजवायला लागले. तो माझ्या बोटाकडे बघत नाडी मोजत राहिला. अर्ध्या मिनिटाने म्हणाला, 'तुमच्या नाडीच्या ठोक्यावर ठोका पडतोय. हा कानाचा आवाज नाही, रक्ताचा आहे.' मग जबड्याखाली मानेवर स्टेथोस्कोप लावला, श्वास धरायला सांगितला. दुसऱ्या बाजूला तेच. नंतर झोपवून पोटावर, बेंबीच्या वर जरा उजवीकडे. तिथे तो बराच वेळ ऐकत राहिला. वाहिनी कुठे आवळलेली असली तर त्यातून जाणारं रक्त खळखळतं आणि ते बाहेरून ऐकू येतं. माझ्या मानेत आणि पोटात, दोन्हीकडे येत होतं.

त्याला पहिला संशय आला टाकायासूचा. मिकितो टाकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ साली ज्याचं वर्णन केलं तो हा आजार: महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येते, हाताची नाडी लागेनाशी होते. तरुण बायकांना जास्त होतो आणि आशियात तुलनेने जास्त दिसतो. आपल्याकडे बाई, बीपी आणि रक्तवाहिनीत आवाज असं त्रिकूट दिसलं की डॉक्टरांच्या डोक्यात आधी तेच येतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्याने दोन्ही हातांचं बीपी घेतलं, पायांच्या नाड्या पाहिल्या, रक्तात ईएसआर आणि सीआरपी तपासले. दोन्ही हातांचं बीपी जवळजवळ सारखं. ईएसआर, सीआरपी नॉर्मल. सूज असल्याची खूण नाही. तेव्हा मूत्रपिंडांच्या वाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाला आणि त्यानंतर वाहिन्यांचा सीटी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी.

सीटीच्या वेळी शिरेतून औषध सोडतात तेव्हा अंगभर गरम वाटतं. टेक्निशियनने 'घाबरू नका, गरम वाटेल' असं बजावलं. मला हसूच आलं. छातीतून वर चढणारी ती झळ माझ्या चांगलीच ओळखीची होती.

रिपोर्ट घेऊन गेले तर डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मूत्रपिंडाकडे जाणारी उजवी वाहिनी सुरुवातीला सरळ, गुळगुळीत, आणि मधल्या भागापासून पुढे बोरमाळ. फुगवटा, अरुंद जागा, फुगवटा, अरुंद जागा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही आतल्या कॅरोटिड वाहिन्यांतही तसंच, थोडं कमी. कोलेस्टेरॉलने वाहिनी अरुंद होते तेव्हा बहुतेकदा तिच्या तोंडाशी होते. इथे तोंड मोकळं होतं आणि बिघाड मधे नि पुढे. आजाराचं नाव फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेजिया, थोडक्यात एफएमडी. यात चरबी साचत नाही, सूजही नसते. वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींची आणि तंतूंची रचनाच बिघडते. कुठे भिंत जाड होऊन आत येते, कुठे पातळ होऊन फुगते. फुगलेल्या जागी पुढे फुगा धरू शकतो किंवा भिंतीचे पदर सुटू शकतात, आणि मानेतल्या वाहिनीत पदर सुटले तर पक्षाघात. म्हणून डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या सगळ्या वाहिन्या एकदा तरी तपासून घ्यायच्या असतात. माझ्या मेंदूत फुगा निघाला नाही. तो रिपोर्ट हातात येईपर्यंतचा आठवडा कसा गेला ते लिहीत नाही.

बीपीचंही कोडं सुटलं. उजव्या मूत्रपिंडाला रक्त कमी पोचत होतं. त्यामुळे त्याला वाटायचं की शरीराचं बीपीच पडलंय, आणि ते रेनिन नावाचं रसायन सोडून बीपी वर चढवायचं. म्हणजे बँकेचा आणि टेन्शनचा यात फारसा दोष नव्हता.

आता गोळीची गोष्ट. निदान झालं त्या संध्याकाळी मी नवऱ्याबरोबर घरी पोचते न पोचते तोच सासूबाई म्हणाल्या, 'त्या हार्मोनच्या गोळ्यांनीच झालंय हे. मी तेव्हाच सांगत होते, देवाने पाळी नेली ती नेली, परत कशाला ओढून आणायची?' मला राग आला, पण खरं सांगायचं तर गाडीत बसल्यापासून मीही तेच म्हणत होते, फक्त मनातल्या मनात. आजार बायकांचाच, गोळी बायकी हार्मोनची, बीपी गोळी सुरू झाल्यानंतरचं. याहून सरळ हिशोब कोणता असणार?

सरळ हिशोब पुढे फसत गेला. या आजाराच्या अमेरिकेतल्या रुग्णनोंदणीचा पहिला अहवाल २०१२ मध्ये आला. त्यातल्या ४४७ रुग्णांत ९१ टक्के बायका होत्या, निदानाच्या वेळचं सरासरी वय ५२ च्या आसपास. चारातल्या एकीहून जास्त जणींना माझ्यासारखा नाडीच्या ठेक्यावरचा कानातला आवाज. इतपत वाचलं की हार्मोनवर बोट ठेवावंसं वाटतंच. पण १९३८ साली या आजाराचं पहिलं वर्णन छापून आलं ते पाच वर्षांच्या एका मुलाचं. बीपी भयंकर, मूत्रपिंडाची वाहिनी आतून दाटलेली. ते मूत्रपिंड काढल्यावर त्याचं बीपी उतरलं. पाच वर्षांच्या मुलाने इस्ट्रोजेनची गोळी घेतली नव्हती. पुरुषांनाही हा आजार होतो, आणि झाला की फुगे नि पदर सुटणं त्यांच्यात जास्त आढळतं. शिवाय २०१६ मध्ये फॅक्टर-१ (PHACTR1) नावाच्या जनुकातला एक बदल या आजाराशी जोडला गेला. तो बदल लोकसंख्येत भरपूर जणांत असतो आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही, त्यामुळे एकटं जनुकही पुरत नाही. सिगारेटचा संबंध दिसतो. मी कधी ओढली नाही. हार्मोनबद्दल इतकंच, की बायकांचं प्रमाण पाहता त्यांचा काहीतरी हात असावा असा दाट संशय आहे. काही रुग्णांच्या वाहिन्यांच्या तुकड्यांत प्रोजेस्टेरॉनचे ग्राही (हार्मोन पेशीत ज्यांना चिकटून काम करतं ते) एरवीपेक्षा जास्त सापडले आहेत. पण गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन उपचारांनी हा आजार होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वाहिनीची रचना अशी बिघडायला बराच काळ जातो. दोन वर्षांच्या गोळीने एवढी माळ ओवली असण्याची शक्यता फार कमी. मग मी विचारलं, 'म्हणजे गोळी चालू ठेवू?' तर म्हणाले, 'नाही, बंद करा.' मी चक्रावले. त्यांचं म्हणणं असं: गोळीने आजार झाला का, हा एक प्रश्न, आजार असलेल्या बाईने ती गोळी घ्यावी का, हा दुसरा. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. पिशवी काढलेल्या बायकांवर नुसत्या इस्ट्रोजेनची जी मोठी अमेरिकन चाचणी झाली ती २००४ मध्ये मुदतीआधी थांबवली, कारण पक्षाघात वाढले. दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे १२ जास्त. निरोगी वाहिन्यांच्या बाईने तेवढा धोका पत्करला तर समजू शकतो, ज्यांच्या मानेतल्या वाहिन्या अशा आहेत त्यांनी कशाला, असा त्यांचा सवाल.

त्यांचं हे म्हणणं घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. तुम्ही ४६ च्या आहात आणि तुमची अंडाशयं ४३ व्या वर्षी मी स्वतः काढली आहेत. एरवी शरीराने जे आणखी काही वर्षं बनवलं असतं, तेवढंच मी बाहेरून देतेय. ते एकदम काढून घेतलं तर हाडांचं काय? हृदयाचं काय? आणि झोपेचं?' त्यांचंही खरं होतं. दोन हुशार माणसं, दोघांचं खरं, आणि मधे मी, हातात फाईल घेऊन. दोघं एकमेकांशी फोनवर बोलतील तर बरं, असं मी दोघांनाही सुचवलं. दोघंही 'नक्की' म्हणाले. बोलले ते मूत्रपिंडाची वाहिनी मोकळी करायला माझी अँजिओप्लास्टी झाली त्यानंतर, आणि तेही मी एकाच्या केबिनमध्ये बसून दुसऱ्याला माझ्याच मोबाईलवरून फोन लावून दिला तेव्हा. अशा आजारात बाईला हे करावं लागतं. लाजू नये.

मधल्या काळात गोळी बंद केली आणि झळा चौथ्या दिवशी परत आल्या. त्यावर देतात अशी एक बिनहार्मोनची गोळी, व्हेन्लाफॅक्सिन, तिने बीपी वाढू शकतं, म्हणून ती बाद. रात्री गॅबापेंटिन घेऊन पाहिलं. झोप लागायची, पण सकाळी काउंटरवर नोटा मोजताना डोळे मिटायचे.

अँजिओप्लास्टी जांघेतून झाली. भूल फक्त त्या जागेपुरती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. कॅथ लॅबमध्ये थंडी मरणाची. वाहिनीत बाहेरून घातलेला फुगा फुगवला तेव्हा उजव्या कुशीत खोलवर कळ उठली. डॉक्टर म्हणाले, 'दुखतंय ना? बरोबर जागी आहोत. जास्त झालं तर लगेच सांगा.' फुगा उतरवला की कळ जायची. हृदयाच्या अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवतात तसा इथे सहसा बसवत नाहीत. भिंतीतून आत आलेले पडदे फुग्याने मोकळे होतात तेवढं पुरतं. गंमत अशी की नंतरच्या चित्रात माळ बऱ्यापैकी तशीच दिसत होती. म्हणून ते चित्रावर विसंबत नाहीत, वाहिनीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. आधी मोठा फरक होता, नंतर जवळजवळ काहीच उरला नाही.

स्टेंट नसण्याचा जाच मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम अडकवला. 'अँजिओप्लास्टी आहे तर स्टेंटचं स्टिकर आणि बिल जोडा.' स्टेंट घातलाच नाही, असं कळवलं. उत्तर आलं, स्टेंटचं स्टिकर नसल्याने कागदपत्रं अपूर्ण. हॉस्पिटलच्या डेस्कवरच्या मुलीने शेवटी डॉक्टरांकडून 'या आजारात स्टेंट टाळतात' असं लेटरहेडवर लिहून घेतलं, सोबत या आजारावरच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्राचं ते पान जोडलं, तेव्हा गाडी हलली. त्या मुलीला दिवाळीत फराळ पाठवला.

तीन गोळ्यांची एक झाली. या वयात बीपी पूर्ण सुटेलच असं नाही, हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे मी खूश. रोज ७५ ची अॅस्पिरिन जन्माची लागली. कानातला आवाज आहे. तो मानेतल्या वाहिन्यांचा आणि त्यांना हात लावायची गरज नाही, त्यामुळे आमचा समझोता झाला आहे.

आणि हार्मोन? त्या मोबाईलवरच्या बोलण्यात ठरलं ते असं. आधी हाडांची घनता मोजायची, हृदयाचा इको करायचा. एफएमडी असलेल्या काही बायकांत हृदयाच्या वाहिनीचे पदर आपोआप सुटून झटका येतो. तो इतिहास असेल तर हार्मोन शक्यतो टाळतात. माझा तसा नाही. कंबरेचं हाड मात्र विरळ व्हायला लागलेलं. तेव्हा गोळी कायमची बंद, आणि त्याऐवजी इस्ट्रॅडिओलचं जेल, कमीत कमी मात्रेत. त्वचेतून गेलेलं औषध आधी यकृतात जात नाही, आणि गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. हे निरीक्षणांवरून, मोठ्या तुलनात्मक चाचणीवरून नव्हे, असं व्हॅस्क्युलर डॉक्टरांनी दोनदा बजावलं आणि फाईलमध्येही लिहिलं. मी खाली सही केली. रोज रात्री दंडावर चोपडायचं, वाळेपर्यंत बाही खाली करायची नाही. झळा पूर्ण गेल्या नाहीत, पण झोप येते. पन्नाशीजवळ पुन्हा सगळे मिळून विचार करायचा. माझ्यासारखं निदान झालेल्या दुसऱ्या बाईला तिचे डॉक्टर अगदी उलट सांगतील आणि तेही बरोबर असेल, कारण तिची अंडाशयं जागेवर असतील किंवा तिच्या मेंदूत फुगा असेल. माझं जेल बघून कोणी स्वतःचं जेल आणू नये.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. 'गोळी काय नि मलम काय.' तसं पाहिलं तर त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्या डॉक्टरांचं एकमत होतं, मानेला झटका द्यायचा नाही. केस कापायला गेल्यावर मालिश करून कटकन मान मोडून देतात ते नाही, जत्रेतले मोठे पाळणे नाहीत, योगवर्गातलं शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नाही. योगाच्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'अहो, सर्वांगासनाने तर रक्ताभिसरण सुधारतं!' त्यांच्याशी वाद घातला नाही. चटई भिंतीकडेच्या शेवटच्या रांगेत नेली, आणि बाकीच्या पाय वर करतात तेव्हा मी शवासनात पडून राहते.

लेकीचं उरलं. ती २२ ची, पीसीओडी, आणि तिच्या डॉक्टरांनी पाळी नियमित करायला गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट लिहून दिलेलं. माझ्या पोटात गोळाच आला. तिला घेऊन त्याच फिजिशियनकडे गेले. (आता तो मला मॅडम म्हणतो.) एकाच घरात दोघांना हा आजार होणं क्वचित घडतं, काही त्रास नसताना उगाच सीटी करू नये, असं त्याने सांगितलं. तिच्या मानेवर आणि पोटावर स्टेथोस्कोप लावला, दोन्ही हातांचं बीपी घेतलं. ११०/७०. आवाज नाही. त्या गोळ्यांनी कुणाचंही बीपी वाढू शकतं, म्हणून घेतल्या तर मोजत राहायचं, आणि आईचं निदान स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कागदावर लिहायला सांगायचं. लेक माझ्याकडे वळून म्हणाली, 'आई, घ्यायच्या की नाही ते मी आणि माझी डॉक्टर ठरवू. तू फक्त तुझ्या रिपोर्टची कॉपी दे.' कॉपी दिली. घरचं बीपीचं मशीनही ती होस्टेलला घेऊन गेली, म्हणून माझ्यासाठी नवीन मागवलंय.